उत्तरानंतरचा प्रश्न : दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषा, प्रेक्षकांची चर्चा आणि आपले मूल्यमापन

प्रस्तावना

दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषा हा प्रकार भारतीय प्रेक्षकास 2000 पूर्वी अपरिचित होता असे नाही. सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर 1985 मध्ये सुरू झाला होता. तथापि तो इंग्रजीत होता, स्पर्धक महाविद्यालयांचे संघ होते आणि घरातील बहुसंख्य मंडळी केवळ कौतुकाने पाहत असत. 3 जुलै 2000 रोजी स्टार प्लस वाहिनीवर अमिताभ बच्चन यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला आणि हे चित्र पालटले. मूळ ब्रिटिश कार्यक्रम 4 सप्टेंबर 1998 रोजी तेथे प्रथम प्रक्षेपित झाला होता. पुढे मराठीतही ‘कोण होईल मराठी करोडपती’ (2013, सूत्रसंचालक सचिन खेडेकर) आणि ‘कोण होणार करोडपती’ (2019, सूत्रसंचालक नागराज मंजुळे) ही रूपे अवतरली.

या कार्यक्रमाच्या लोकप्रियतेचे श्रेय बक्षिसाच्या रकमेस व सूत्रसंचालकाच्या व्यक्तिमत्त्वास दिले जाते. ते अयोग्य नाही. परंतु प्रस्तुत लेखकास एक वेगळे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. प्रश्न आणि त्याचे चारही पर्याय पडद्यावर पुरेसा वेळ राहतात व स्पर्धक मोठ्याने विचार करतो. त्यामुळे प्रेक्षक त्याच क्षणी तोच प्रश्न सोडवू लागतो आणि उत्तर ‘लॉक’ झाल्यानंतरही त्याचे सोडविणे थांबत नाही. विरार ते चर्चगेट हे सुमारे 60 किलोमीटरचे अंतर रोज एकाच डब्यातून, एकाच गटाने कापणाऱ्या प्रवाशांना याचा अनुभव आहे. रात्री नऊच्या कार्यक्रमातील प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी लोकलमध्ये पुन्हा विचारला जाई, अशी आठवण वसई-विरार परिसरातील जुने प्रवासी आजही सांगतात. या चर्चेत नेमके काय घडते आणि अध्यापकांच्या दृष्टीने तिचे मोल काय, याचा येथे विचार करावयाचा आहे.

सूत्र आणि उत्तर

ऑक्टोबर 2000 मध्ये मुंबईचे हर्षवर्धन नवाथे एक कोटी रुपये जिंकणारे पहिले स्पर्धक ठरले. भारतीय संविधान पुढीलपैकी कोणास संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा देते, असा शेवटचा प्रश्न होता. महान्यायवादी, सॉलिसिटर जनरल, मंत्रिमंडळ सचिव आणि सरन्यायाधीश हे पर्याय होते. उत्तर महान्यायवादी. ज्यास अनुच्छेद 88 पाठ आहे त्याच्यासाठी हा स्मरणाचा प्रश्न. परंतु ज्यास तो पाठ नाही त्यालाही मार्ग होता. सरन्यायाधीश हे न्यायमंडळाचे प्रमुख, तेव्हा सत्ताविभाजनाच्या तत्त्वाने ते वगळले जातात. मंत्रिमंडळ सचिव हे सनदी अधिकारी. उरलेल्या दोन विधी अधिकाऱ्यांपैकी संविधानाने निर्माण केलेले पद एकच, ते महान्यायवादीचे (अनुच्छेद 76). म्हणजे प्रश्नातील ‘संविधान’ हा शब्दच सूत्र होता. मतदानाचा अधिकार मात्र हा अनुच्छेद देत नाही. चर्चेतील एखाद्या वकिलाने ही पुस्ती जोडली की तिचे रूपांतर नागरिकशास्त्राच्या उत्तम तासिकेत होते.

2011 मध्ये बिहारमधील मोतिहारीचे सुशील कुमार यांनी पाच कोटी रुपये जिंकले. 16 ऑक्टोबर 1868 रोजी निकोबार बेटांवरील हक्क इंग्रजांस विकून कोणत्या वसाहतवादी सत्तेने भारतातील आपला संबंध संपविला, असा तो प्रश्न होता, उत्तर डेन्मार्क. वसईच्या किल्ल्याच्या छायेत वाढलेल्या माणसास ‘वसाहतवादी सत्ता’ म्हटले की पोर्तुगीज आठवतात, आणि ते पर्यायांत नव्हते! परंतु मराठीच्या अध्यापकास येथे एक अनपेक्षित वाट सापडते. विल्यम केरीचे मराठी व्याकरण 1805 मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले, हे आपण भाषेच्या इतिहासात शिकवितो. बंगालमधील हे श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. डेनिश सत्तेने ते 1845 मध्ये इंग्रजांस विकले. ज्या सत्तेने एक ठाणे विकले तिनेच पुढे दुसरे विकले असावे, हे अनुमान निर्णायक नसले तरी सयुक्तिक आहे. व्याकरणाच्या मुखपृष्ठावरून निकोबारपर्यंत पोहोचणे हे पाठांतराने साधत नाही.

तिसरे उदाहरण अधिक बोलके आहे. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथे शाळेत खिचडी शिजविणाऱ्या बबिता ताडे यांनी 2019 मध्ये एक कोटी रुपये जिंकले. 1857 च्या उठावाचे स्वानुभव सांगणारे ‘दास्तान-ए-गदर’ बहादूरशहा जफरच्या दरबारातील कोणत्या कवीने लिहिले, हा प्रश्न होता. उत्तर जहीर देहलवी. जफरच्या दरबाराचे नाव काढताच जौक आठवतात. पण ते 1854 मध्ये निवर्तले, तेव्हा उठाव त्यांनी पाहिलाच नाही. गालिब आठवतात, पण 1857 विषयीचे त्यांचे फारसी गद्य ‘दस्तंबू’ या नावाचे आहे. नामसादृश्यामुळे येथे जाणकारही फसतो, किंबहुना जाणकारच फसतो, कारण अजाणास ‘दस्तंबू’ ठाऊकच नसते.

बहुमताचे गणित

प्रेक्षकांचा कौल या जीवनरेखेवर बरीच चर्चा होते. समजा, 100 प्रेक्षकांपैकी केवळ 20 जणांस उत्तर ठाऊक आहे व उर्वरित 80 जण अंदाजाने चार पर्यायांत समान विभागले गेले. अचूक पर्यायास 40 मते पडतील, इतरांस प्रत्येकी 20. अज्ञान परस्परांस छेदते, ज्ञान एकाच ठिकाणी साचते. फ्रेंच विचारवंत काँदोर्से याने बहुमताच्या अचूकतेचा गणिती विचार 1785 मध्येच मांडला होता. या कार्यक्रमाच्या अमेरिकी आवृत्तीत प्रेक्षकांचा कौल 91 टक्के वेळा, तर फोनवरील जाणकाराचा सल्ला सुमारे 65 टक्के वेळा अचूक ठरला, असे जेम्स सुरोविकी यांनी 2004 मध्ये नोंदविले आहे. मात्र प्रश्नांची काठिण्यपातळी दोन्ही वेळी सारखी नसते, हे ध्यानात ठेवावे. शिवाय एखादा गैरसमज सार्वत्रिक असेल तर हे गणित उलटते.

प्रश्नाचीच परीक्षा

नोव्हेंबर 2019 मध्ये मुघल सम्राट औरंगजेबाचा समकालीन शासक कोण, असा प्रश्न विचारला गेला. उत्तर कोणासही अवघड नव्हते. महाराणा प्रताप 1597 मध्ये व राणा संग 1528 मध्ये निवर्तले, रणजितसिंहांचा जन्म 1780 चा. उरले छत्रपती शिवाजी महाराज. परंतु प्रश्नात औरंगजेबास ‘मुघल सम्राट’ आणि पर्यायात महाराजांचा केवळ एकेरी नामोल्लेख, यावरून महाराष्ट्रात संताप उसळला. वाहिनीने दिलगिरी व्यक्त केली, सूत्रसंचालकांनीही क्षमा मागितली. त्या वेळच्या काही प्रतिक्रिया अनावश्यक तीव्र होत्या, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तरीही प्रश्नकर्त्याची भाषा तटस्थ नसते, हे सामान्य प्रेक्षकाने अचूक हेरले होते. आपल्या परीक्षांमध्ये प्रश्नपत्रिकेच्या भाषेस विद्यार्थ्याने असा जाब विचारण्याची सोय नाही.

वर्गात

येथे विषय आपल्यापाशी येतो. ‘नेट’ परीक्षेची तिसरी पत्रिका जून 2012 पासून वस्तुनिष्ठ झाली. अध्यापक होऊ पाहणाऱ्याने सलग चार परिच्छेद लिहून दाखविण्याची अट तेथे संपली. 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळात मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षाही बहुपर्यायी पद्धतीने घेतल्या गेल्या. पर्यायांना सरसकट दोष देण्याचे कारण नाही. लोकलमधील प्रवासी त्याच चार पर्यायांवर तासभर वाद घालतो. आपण विद्यार्थ्याकडून केवळ अक्षर घेतो आणि तो तेथवर कसा आला, हे पुसून टाकतो.

यावर एक साधा उपाय करून पाहता येतो. अंतर्गत चाचणीत बहुपर्यायी प्रश्न मोजके ठेवावेत व उरलेले तीन पर्याय का नाकारले, हे प्रत्येकी एका वाक्यात लिहावयास सांगावे. तपासण्यास वेळ लागतो, साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात बराच लागतो. उदाहरणार्थ, अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी काहींचे तुकडे कोठे सापडले, यासाठी जुन्नर, पैठण, कार्ले आणि सोपारा हे पर्याय द्यावेत. सोपारा हे उत्तर अंदाजानेही येईल. कारणे मागितली की मौज सुरू होते. नालासोपारा हे तर गर्दीचे स्टेशन, तेथे अशोक कसा, अशी शंका रोज त्याच स्टेशनावर उतरणाऱ्या विद्यार्थ्यासही येऊ शकते. मग नाळे आणि सोपारा ही दोन गावे निराळी, सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर, गिरनारप्रमाणेच व्यापारी मार्गावरील ठिकाण, हे सांगता येते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये तेथील स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी त्यांना आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा 1956 मध्ये जवळच्या भुईगाव येथे सापडला. आठवा आणि नववाच का, उरलेले बारा कोठे गेले, हा प्रश्न त्यानंतर एखादा विद्यार्थी विचारतोच. त्याला पर्याय देता येत नाहीत.