स्नानमग्न स्त्रीची कांस्यमूर्ति : झीज कीं नक्कल?

जुन्या धातुमूर्तीचे नाकडोळे पुसट दिसले कीं ती प्राचीन, असा निर्णय संग्राहक पुष्कळदां देतात. परंतु पुसटपणा जसा झिजेनें येतो, तसाच नकलेनेंहि येतो. हा भेद ध्यानांत येण्यास फ्लॉरेन्सचा मूर्तिकार जाम्बोलोन्या (१५२९–१६०८) याच्या स्नानमग्न स्त्रियांच्या लघुमूर्ति फार उपयोगी पडतात.

सुमारें वीतभर उंचीच्या ह्या मूर्ति हातांत घेऊन सर्व अंगांनीं पाहाव्या अशा आहेत. मेदिची घराण्याचे अधिपति असलीं लघुकांस्यें परराज्यांस नजर करीत; १६१२ सालीं इंग्लंडचा युवराज हेन्री यास तीं पोंचलीं. प्रति अनेक लागत. म्हणून मूळ नमुन्यावरून तुकड्यांचा साचा घेत, त्यांत मेणाचा थर देऊन गाभा भरीत, व त्या मेणावरून ओतकाम करीत. मेण जाई, नमुना शाबूत राही. सहकारी आंतोनियो सुसीनी व त्याच कुळांतील जानफ्रांचेस्को यांनीं त्या नमुन्यांवरून पुढेंहि मूर्ति ओतल्या. ही मूळ पोथीवरून उतरलेली प्रत होय.

मागाहून इतरांनीं तयार कांस्यावरूनच साचे घेतले. ही प्रतीची प्रत. धातु थिजतांना शेंकडा दीड-दोन आकसतो. म्हणून अशी मूर्ति किंचित् लहान भरते, व तिच्या खोलगट रेषाहि बुजतात.

आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लासां’त मेणाची मूर्ति मातीनें लिंपून, मेण वितळवून, त्या पोकळींत धातु ओतण्याचा विधि आहे. येथें साचा फोडावा लागतो. सबब प्रत्येक मूर्ति एकटीच. तिची नक्कल जुन्या मूर्तीवरून नवा साचा घेतल्यासच संभवते.

आतां परीक्षा. नित्य स्नान घालून व चिंचेनें घांसून झिजलेल्या देव्हाऱ्यांतील मूर्तीचें नाक, गुडघे, स्तन असे उंच भाग गुळगुळीत होतात. परंतु बोटांमधील खांचा, वस्त्राच्या चुण्या व पाठीकडील काम ठसठशीत राहतें. नकलेंत उंच-खोल सारेंच सारखें मऊ दिसतें. एकाच घडणीच्या दोन मूर्ति मिळाल्या तर मोजमाप निकाल देतें : लहान ती बहुधा मागची.

तांब्यापितळेच्या कामासाठीं नांवाजलेल्या नाशकांत जुनी मूर्ति मोडींत निघाली, तर वजनापलीकडे तिचें कांहींच उरत नाहीं. तत्पूर्वीं उंची, वजन व पाठीचें छायाचित्र एवढें तरी संग्राहकांनीं टिपून ठेवावें, ही विनंति.