शिकागोंत बिऱ्हाड कोठें थाटावें?

स्वामी विवेकानंदांनीं १८९३ सालीं सर्वधर्मपरिषदेंत भाषण केलें तेव्हांपासून शिकागो हें नांव आपल्याकडील सुशिक्षित घरांत माहितीचें आहे. परंतु त्या नगरांत पाहुण्यासारखे चार दिवस काढणें निराळें आणि बिऱ्हाड थाटणें निराळें. पुण्याचा किंवा नागपूरचा एखादा तरुण नोकरीच्या निमित्तानें सपत्नीक तिकडे निघाला, म्हणजे महिनाभर आधींपासून घरांत एकच चर्चा चालते. भाडें किती, खोल्या किती, स्वयंपाकघर कसें? छायाचित्रें पाहिलीं जातात, सासूबाई देव ठेवायला कोनाडा आहे कीं नाहीं तें विचारतात, आणि न पाहिलेल्या घराचा वर्षाचा करार सही होऊन जातो. घराची अशी कसून चौकशी झालेली असते. ज्या रस्त्यावर तें घर उभें आहे त्याची मात्र कोणी विचारपूस केलेली नसते. शिकागोंत सुखदुःखाचा बराचसा भाग त्या रस्त्यावर ठरतो.

अमेरिकेच्या या भागास ‘मिडवेस्ट’ म्हणजे मध्य-पश्चिम म्हणतात. नकाशा पाहिला तर तो देशाच्या पूर्वार्धांतच मोडतो. पण हें नांव पडलें तेव्हां पलीकडचा पश्चिम भाग अद्याप वसावयाचा होता. मिशिगन सरोवराच्या नैर्ऋत्य कांठावर, टेकडीचें नांव नसलेल्या सपाट भूमीवर शिकागो पसरलें आहे. २०२० च्या शिरगणतींत खुद्द शहराची वस्ती सुमारें साडेसत्तावीस लाख भरली; भोंवतालचीं उपनगरें धरलीं तर ती कोटीच्या घरांत जाऊं शकेल. म्हणून पहिला प्रश्न असा कीं, ‘शिकागोची नोकरी’ नेमकी कोठें आहे? कचेरी शहराच्या मध्यभागीं असेल, अथवा वायव्येस शौमबर्गसारख्या, नाहींतर पश्चिमेस नेपरव्हिलसारख्या उपनगरांत, सुमारें तीस मैलांवर असेल. दोहोंचा पत्रव्यवहार शिकागोच्याच नांवानें चालतो. हें न विचारतां घर घेणारा मनुष्य ठाण्यांत नोकरी असतां कुलाब्यास बिऱ्हाड करणाऱ्यासारखा फसतो.

शहराचे पत्ते मात्र नवख्याला मोठे सोयीचे आहेत. १९०९ सालीं घरांस नवे क्रमांक दिले गेले. स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते जेथें छेदतात तो शून्याचा बिंदु. तेथून दर मैलास आठशें अंक वाढतात. डेव्हन अॅव्हेन्यू हा हिंदी दुकानांनीं गजबजलेला रस्ता उत्तरेस ६४०० वर आहे. म्हणजे तो शून्यापासून आठ मैल दूर, हें पत्ता वाचतांच कळतें. दक्षिणेकडील पहिल्या तीन मैलांत हा हिशेब थोडा चुकतो, पुढें पुन्हां जुळतो. रस्त्याच्या उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या बाजूस सम अंक, उलट बाजूंस विषम. पुण्याच्या पेठांत पत्ता शोधलेल्या माणसास ही शिस्त पाहून थोडा हेवाच वाटेल.

अंतर समजलें, तरी तें तोडावयाचें कसें हा प्रश्न उरतोच, आणि येथें घरांतील दोघांचे मार्ग भिन्न होतात. नवऱ्यास कचेरीची मोटार वा आगगाडी असते. पत्नीची गोष्ट निराळी. नोकरीच्या परवान्यावर गेलेल्याच्या जोडीदारास तेथें पोंचतांच काम करण्याची मुभा बहुधा नसते. २०१५ पासून कांहींना ती मिळूं लागली, पण तीहि कायम वास्तव्याच्या अर्जाचें काम बरेंच पुढें सरकल्यावर. मोटार चालविण्याची परीक्षा नव्यानें द्यावी लागते. दूरच्या उपनगरांत घर प्रशस्त मिळतें, हिरवळ मिळते, शेजार शांत असतो. पण वाण्याचें दुकान दोन मैलांवर, आणि तेथपर्यंतच्या वाटेवर पायवाट असेलच असें नाहीं. नवरा सकाळीं एकुलती मोटार घेऊन गेला कीं संध्याकाळपर्यंत घरांतील माणसाचा जगाशीं संबंध दूरध्वनीपुरता उरतो. इकडून आईवडील सहा महिन्यांसाठीं गेले म्हणजे त्यांचेंहि तेंच होतें. ज्यांनीं उभा जन्म सकाळीं कोपऱ्यावर भाजी घेण्यांत आणि संध्याकाळीं देवळापर्यंत चालण्यांत घालविला, त्यांना तो सुंदर बंगला तिसऱ्या आठवड्यांत खावयास उठतो.

शहरांत आणि शहराला चिकटलेल्या गांवांत स्थिति निराळी आहे. खांबांवरून धांवणारी आगगाडी, जिला लोक नुसतें ‘एल’ म्हणतात, ती १८९२ पासून चालू आहे. तिचे आठ मार्ग रंगांच्या नांवांनीं ओळखले जातात. त्यांतील तांबडा आणि निळा हे रात्रंदिवस चालतात, आणि निळा थेट ओहेअर विमानतळापर्यंत जातो. दूरच्या उपनगरांसाठीं ‘मेट्रा’ नांवाची निराळी रेल्वे आहे. कचेरीच्या वेळीं तिची सोय उत्तम. मात्र दुपारीं व सुटीच्या दिवशीं बऱ्याच मार्गांवर दोन गाड्यांत मोठें अंतर पडतें. म्हणून नुसतें ‘स्टेशन जवळ आहे’ एवढ्यावर न थांबतां, रविवारीं दुपारीं गाडी किती वेळानें येते हें विचारावें.

आतां हिवाळा. १९८५ च्या २० जानेवारीस तेथें पारा शून्याखालीं सुमारें ३३ अंश सेल्सिअस उतरला होता. एवढी थंडी रोजची नव्हे, परंतु बर्फ आणि वारा हे दरवर्षींचे. यासाठीं शहराचा कायदा असा आहे कीं, घर तापविण्याची जबाबदारी मालकाकडे असेल तेथें १५ सप्टेंबर ते १ जून या मुदतींत त्यानें दिवसा निदान ६८ अंश आणि रात्रीं ६६ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें वीस आणि एकोणीस अंश सेल्सिअस, एवढी ऊब राखली पाहिजे. जुन्या विटांच्या इमारतींत वाफेच्या नळांनीं सारें घर तापतें व त्याचा खर्च बहुधा भाड्यांतच धरलेला असतो. इतर घरांत भाडेकरूनें गॅसचें बिल स्वतः भरावयाचें असतें. भाड्यांतील शंभर डॉलरांचा फायदा जानेवारीच्या एका बिलांत नाहींसा होऊं शकतो. ‘गार्डन अपार्टमेंट’ या गोड नांवासहि भुलूं नये. त्यांत बाग नसते. तें अर्धे जमिनींत गेलेलें तळघर असतें. शहरांत पावसाचें आणि सांडपाण्याचें पाणी एकाच गटारांतून वाहतें, आणि मुसळधार पाऊस झाला कीं तें तळघरांत उलटें शिरतें. यावर उपाय म्हणून जमिनीखालीं खोल प्रचंड बोगदे खणण्याचें काम १९७५ सालीं सुरू झालें. त्यानें त्रास पुष्कळ कमी झाला, पण अजिबात संपला नाहीं. भिंतीच्या तळाशीं ओल चढलेली आहे कीं काय, हें डोळ्यांनींच पाहिलें पाहिजे.

रस्त्याचें महत्त्व किती, याचा दाखला मात्र थंडीनें नव्हे, उन्हाळ्यानें दिला. १९९५ च्या जुलै महिन्यांत शिकागोंत उष्म्याची अशी लाट आली कीं, तींत सातशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते. खिडक्या लावून, कडी घालून, कोणाच्या नजरेस न पडतां ते गेले. एरिक क्लाइनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानें २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘हीट वेव्ह’ या ग्रंथांत दोन शेजारशेजारच्या वस्त्यांची तुलना केली आहे. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोहोंतहि गरिबी होती, दोहोंतहि एकटे राहणारे म्हातारे होते. पण पहिलींतील मृत्यूंचें प्रमाण दुसरीच्या सुमारें दहापट होतें. साउथ लॉनडेलमध्यें, म्हणजे मेक्सिकन लोकांच्या वस्तींत, रस्ते दुकानांनीं व पादचाऱ्यांनीं भरलेले होते. म्हातारीं माणसें बाहेर पडत, थंड दुकानांत बसत, ओळखीचीं होत. नॉर्थ लॉनडेलमधून कारखाने उठून गेले होते, दुकानें बंद पडलीं होतीं, भूखंड ओस होते. तेथें दाराबाहेर पडण्याचीच भीति वाटे. दोन्हींकडील घरांत फारसा फरक नव्हता.

नॉर्थ लॉनडेल ओस कां पडलें, याचा इतिहास घर शोधणाऱ्यास जाणून घ्यावाच लागतो, कारण त्याच्या खुणा आजच्या घरभाड्यांत आहेत. दक्षिणेकडील संस्थानांतून कृष्णवर्णी लोक या शतकापूर्वींच्या शतकांत हजारोंनीं शिकागोस आले, तेव्हां त्यांस घरें विकूं वा भाड्यानें देऊं नयेत अशीं कलमें खरेदीखतांत घातलीं गेलीं. कार्ल हॅन्सबेरी या गृहस्थांनीं १९३७ सालीं अशा निषिद्ध भागांत घर घेतलें. जमावानें त्यावर हल्ला केला, आणि तंटा सर्वोच्च न्यायालयांत गेला. १९४० सालीं निकाल त्यांच्या बाजूनें लागला, पण तांत्रिक मुद्द्यावर. त्यांची मुलगी लॉरेन हिनें पुढें याच अनुभवांतून ‘अ रेझिन इन द सन’ हें नाटक लिहिलें. तें १९५९ सालीं रंगभूमीवर आलें. असलीं कलमें न्यायालयांनीं अंमलांत आणूं नयेत असा निर्णय १९४८ सालीं झाला, तरी कर्ज न देण्याची आणि घर न दाखविण्याची चाल तशीच राहिली. मार्टिन लूथर किंग १९६६ सालीं मुद्दाम नॉर्थ लॉनडेलमध्यें भाड्यानें राहिले, आणि त्याच उन्हाळ्यांत गोऱ्यांच्या वस्तींतून मोर्चा नेतांना त्यांना दगड लागला. १९६८ च्या कायद्यानें हा भेद बेकायदेशीर ठरला.

या कायद्याचा एक परिणाम आपल्या लोकांस कोड्यांत टाकतो. तेथील दलालास विचारावें, ‘ही वस्ती चांगली आहे ना? येथें आमच्यासारखे लोक आहेत ना?’ तर एरव्हीं वाचाळ असलेला तो मनुष्य एकदम गप्प होतो. तो उद्धट नसतो. वंश, धर्म वा मूळ देश पाहून गिऱ्हाइकास एखाद्या वस्तीकडे वळविणें वा तेथून परावृत्त करणें त्यास मना आहे. मग नवागत देशबांधवांस विचारतो, आणि ते बेधडक सांगतात, ‘दक्षिणेकडे फिरकूं नका.’ अशा रीतीनें आपण न आंखलेली एक जुनी रेघ आपणच पुन्हां गिरवतों. शिकागोंतील गुन्हेगारी कांहीं भागांत खरोखरच भयंकर आहे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु ती भागाभागांत आणि कित्येकदां दोन रस्त्यांच्या अंतरानें बदलते. विद्यापीठाचा हाइड पार्क दक्षिणेसच आहे. गुन्ह्यांची नोंद शहर स्वतः प्रसिद्ध करतें. ती पाहावी, आणि अंधार पडल्यावर त्या रस्त्यानें एकदां चालून यावें. शून्याच्या बिंदूपासून आठ मैल पश्चिमेस ओक पार्क नांवाचें स्वतंत्र गांव आहे. तेथील लोकांनीं १९७२ सालीं संस्थाच काढली, ती अशासाठीं कीं गोऱ्या आणि काळ्या कुटुंबांनीं एकमेकांशेजारीं राहावें. ‘एल’ गाडी तेथवर जाते, दुकानें पायीं गांठतां येतात. नवख्या कुटुंबास याहून चांगलें पहिलें बिऱ्हाड सुचविणें कठीण आहे.

मुलें शाळेंत जाणारीं असलीं तर हिशेब बदलतो. सरकारी शाळा विनामूल्य असते आणि ती पत्त्यावरून ठरते. इलिनॉय संस्थानांत साडेआठशेंच्या आसपास शाळा-जिल्हे आहेत, आणि त्यांच्या सीमा गांवाच्या सीमांशीं जुळत नाहींत. नेपरव्हिल हें एकच गांव, पण त्याचा कांहीं भाग २०३ क्रमांकाच्या जिल्ह्यांत, कांहीं २०४ मध्यें. शौमबर्गला आठवीपर्यंत ५४ वा जिल्हा, नववीपासून २११ वा. तेव्हां गांवाचें नांव ऐकून न थांबतां घराच्या नेमक्या क्रमांकावरून शाळा विचारून घ्यावी. या शाळा मुख्यतः स्थानिक घरपट्टीवर चालतात. म्हणून नांवाजलेल्या शाळेच्या भागांत भाडें आणि पट्टी दोन्ही चढीं. शहरांतहि वस्तीची शाळा असतेच. शिवाय निवडक शाळांसाठीं निराळा अर्ज करतां येतो, पण तेथें जागा मिळेलच हें कोणी सांगूं शकत नाहीं.

मराठी शेजाराची ओढ स्वाभाविक आहे. १९६५ च्या कायद्यानंतर आपले लोक तिकडे मोठ्या संख्येनें गेले, आणि उत्तर अमेरिकेंतील मंडळांस जोडणारें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालीं शिकागोंतच स्थापन झालें. हल्लीं हीं कुटुंबें बहुतेक पश्चिमेच्या व वायव्येच्या उपनगरांत विखुरलीं आहेत. गणपतीस तीं एकत्र येतात तीं मोटारींनीं. त्यासाठीं वर्षाचे तीनशें दिवस एकटें काढावयाचे काय, हें ज्यानें त्यानें ठरवावें. मूल लहान आहे वा अद्याप नाहीं अशा दांपत्यानें पहिला हिवाळा तरी रेल्वेलगत, चालत्या रस्त्यावर काढावा, आणि मोटार हातांत बसल्यावर मग उपनगराकडे पाहावें.

पहिला महिना तात्पुरती जागा घेऊन, घर दोघांनीं मिळून पाहणें उत्तम. करार १ मे आणि १ ऑक्टोबरला सुरू करण्याची तेथें जुनी चाल आहे, त्यामुळें त्या सुमारास जागा पुष्कळ असतात. जानेवारींत थोड्या, पण मालक भाड्यास नरम. दुमजली-तिमजली इमारतींत मालक बहुधा खालीं वा वर राहतो, आपल्या वाड्यांतल्यासारखा. शहराचा १९८६ चा भाडेकरू-संरक्षणाचा कायदा अशा सहा किंवा त्याहून कमी बिऱ्हाडांच्या घरांना लागू नाहीं, हें सही करण्यापूर्वीं लक्षांत असावें. जेथें तो लागू आहे तेथें मुदतीपूर्वीं घर सोडावें लागलें तर भाडेकरूस दुसरा योग्य भाडेकरू आणून देतां येतो, आणि मालकास त्यास वाजवी कारणाशिवाय नाकारतां येत नाहीं.