अंबारीखालची माणसे

म्हैसूरचा दसरा पाहून आलेला मनुष्य अंबारीचे वर्णन करताना थकत नाही. साडेसातशे किलो वजनाची ती सुवर्णमंडित अंबारी, तीत विराजमान झालेली चामुंडेश्वरी आणि तो भार तोलीत चाललेला गजराज! हत्तीच्या मानेवर बसलेला माहूत मात्र क्वचितच कोणाच्या स्मरणात राहतो.

हे माहूत आणि त्यांचे मदतनीस, म्हणजे कावाडी, पुष्कळदा जेनू कुरुब जमातीचे असतात. कन्नडात जेनू म्हणजे मध. नागरहोळे-काकनकोटेच्या अरण्यात तो गोळा करणे हा त्यांचा पूर्वापार उद्योग. हत्तीची विद्याही याच रानातली. रानटी कळप कोंडून धरण्याच्या ‘खेडा’ पद्धतीत हत्ती माणसाळविण्याचे काम त्यांच्याकडे असे. काकनकोटेचा शेवटचा खेडा १९७१ साली झाला. ती भूमी पुढे कबिनीच्या जलाशयाखाली गेली. विद्या तेवढी टिकली. दसऱ्यापूर्वी कित्येक आठवडे हत्ती म्हैसुरात येतात, तेव्हा माहुतांची बायकामुलेही राजवाड्याच्या आवारात राहुट्यांत राहतात आणि मुलांची शाळा तेथेच भरते.

आता दुसरी बाजू पाहा. वन्य पशूंसाठी अरण्य राखताना या लोकांपैकी अनेकांना बाहेर यावे लागले. आणि त्याच अरण्यात एका मोठ्या कंपनीच्या प्रवासी-निवासाला मात्र जागा मिळाली! मध काढणाऱ्यास मज्जाव आणि पाहुण्यास पायघड्या, हा न्याय आदिवासींनी मानला नाही. १९९७ साली उच्च न्यायालयाने तो प्रकल्प रोखला.

आफ्रिकेतील मसाई गुराख्यांनाही सेरेंगेटीचे रान १९५९ साली सोडावे लागले होते. परंतु केनियातील इल न्ग्वेसीच्या मसाईंनी १९९६ साली सामायिक जमिनीवर स्वतःच प्रवासी-निवास उघडला. वाटाडे तेच, यजमान तेच, मालकही तेच. सारे गोड आहे असे नव्हे. चराईवरून त्या देशात तंटे होतातच. पण जमीन ज्याची, त्याला पाहुण्याशी बरोबरीने बोलता येते.

आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने ही वाट थोडी मोकळी केली. म्हैसूरच्या आग्नेयेस बिळिगिरिरंगन डोंगरातील सोलिगांना २०११ साली सामूहिक वनहक्क मिळाले. नागरहोळेत मे २०२५ मध्ये काही जेनू कुरुब कुटुंबे याच कायद्याचा आधार घेऊन जुन्या वस्तीच्या जागी परतली आणि त्यांनी तेथे झोपड्या उभारल्या.