चित्त्याची नखे

उसाच्या फडात बिबट्या दिसला की आमच्या गावात ‘चित्ता आला!’ अशी आरोळी उठते. वास्तविक कोल्हापूरकरांनी तरी ही चूक करू नये. राजर्षी शाहू महाराजांना चित्त्यांकरवी काळवीट धरण्याचा मोठा शौक होता. राजाराम महाराजांच्या काळीही तो चालू राहिला. शिकारीची छायाचित्रे न्यू पॅलेसच्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात.

माझे पणजोबा संस्थानच्या कुरणात गवत कापायला जात. त्यांच्याकडून ऐकलेले आबा मला सांगत, “चित्त्याची नखं कुत्र्यागत. आत जाईत न्हाईत.” कॉलेजची पायरी चढलेला आमच्या घरातला मी पहिलाच. मी ऐटीत म्हणालो, “आबा, मांजराच्या जातीची नखं आत जातात. पुस्तकात तसंच आहे.” आबा गप्प बसले.

पुढे ग्रंथालयात वाचले आणि मी खजील झालो. चित्त्याची नखे इतर मार्जारांप्रमाणे कातडीच्या म्यानात पूर्ण झाकली जात नाहीत. धावताना ती खिळ्यांच्या बुटांसारखी जमिनीत रुततात. त्याचे सारे शरीरच धावण्यासाठी घडले आहे. वजन बहुधा ३५ ते ६० किलो, कणा धनुष्यासारखा लवचीक, लांब शेपूट वळताना सुकाणूचे काम करणारी. भरपूर हवा घेण्यासाठी नाकाची पोकळी मोठी. म्हणून सुळ्यांच्या मुळांना जागा कमी आणि सुळेही आखूड.

याच्या अगदी उलट तलवारीसारख्या सुळ्यांची प्राचीन मांजरे. त्यांचे जीवाश्म आपल्या शिवालिक टेकड्यांतही सापडले आहेत. अमेरिकेतील स्मायलोडॉनचे सुळे सुमारे १८ सेंटिमीटर लांब आणि पुढचे पाय दणकट. दबा धरून झेप घ्यायची, सावज जमिनीशी दाबायचे आणि मग गळ्यावर घाव घालायचा, अशी त्याची रीत असावी. चित्त्याला ही ताकद नाही. तो पळत्या हरणाला अंगठ्याच्या नखाने पाडतो आणि गळा धरून गुदमरवतो. काही शे मीटरांतच त्याचा दम संपतो. मग धापा टाकत असताना दुसरे जनावर त्याची शिकार पळवते.

चित्तेवानांना हे पुरते ठाऊक होते. म्हणून ते डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीवरून कळपाजवळ नेत आणि तेथेच टोपी काढून सोडत. शिकार तो आईकडून शिकतो. त्यामुळे मोठा झालेला रानचित्ताच पकडावा लागे. बंदिवासात पिले झाल्याची जुनी नोंद एकच, जहांगीराच्या काळची. दर चित्त्यामागे रान तेवढे रिकामे झाले. गवताळ माळही नांगराखाली गेले. अखेर १९१८ ते १९४५ या काळात संस्थानिकांनी सुमारे २०० चित्ते आफ्रिकेतून आणवले. त्यांत कोल्हापूरही होते. १९४७ साली कोरिया संस्थानात शेवटचे तीन भारतीय चित्ते मारले गेले, आणि १९५२ मध्ये तो देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोत आणले गेले.

सुट्टीत घरी गेल्यावर मी म्हणालो, “आबा, तुमचंच खरं.”

आबा म्हणाले, “माझं न्हवं, माझ्या बाचं. त्याला अक्षर येत न्हवतं. तू तरी लिवून ठेव.”

म्हणून हा लेख.