जस्ताचा रंगबदल आणि बिदरीचा काळिमा

ताज्या जस्ताची निळसर चकाकी हवेत लवकरच मावळते. आर्द्रता व कार्बन डायॉक्साइड यांच्या योगे त्यावर मूलक कार्बोनेटाचा राखाडी थर बसतो व तो पुढील क्षरणास आवर घालतो. जस्तलेपित पत्रे ओले असता एकावर एक रचल्यास मात्र फटींत हा वायू पुरेसा पोचत नाही. तेथे मुख्यतः हायड्रॉक्साइडाचा भुसभुशीत ‘पांढरा गंज’ धरतो.

बिदरच्या कारागिरांनी अशाच रंगबदलास कलेचे साधन केले. बिदरी मिश्रधातूत जस्त बहुधा ९० टक्क्यांहून अधिक व उरलेले मुख्यतः तांबे असते. किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या प्रक्रियेने मिश्रधातू काळा पडतो. जडविलेली चांदी शुभ्रच राहते. या काळिम्यास तांब्याचा तो अल्पांश आवश्यक ठरतो. म्हणून जुन्या बिदरी वस्तूचा काळिमा मळ समजून घासणे म्हणजे तिचे मूळ पृष्ठच नष्ट करणे होय.