सायकोपॅथी : अनुकंपेचा अभाव की निद्रा?

अंगुलिमाल हा सायकोपॅथ होता काय, असा प्रश्न पालीचे विद्यार्थी आम्हांस विचारतात. मज्झिमनिकायातील सुत्तात, प्रव्रज्येनंतर भिक्षाटनास निघालेला हाच अंगुलिमाल प्रसूतिवेदनांनी व्याकूळ स्त्रीला पाहून द्रवतो. तेव्हा उत्तर सोपे नाही. आधी तो शब्द नीट समजून घेतला पाहिजे.

सायकोपॅथी म्हणजे वेड नव्हे. भ्रम नसतो, बुद्धी शाबूत असते, वाणी तर बहुधा मोहक. अमेरिकन मनोचिकित्सक हर्वी क्लेक्ली यांनी म्हणूनच १९४१ मध्ये आपल्या ग्रंथास ‘द मास्क ऑफ सॅनिटी’, म्हणजे शहाणपणाचा मुखवटा, असे नाव दिले. पुढे कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांनी २० लक्षणांची मापनसूची सिद्ध केली. कमाल गुण ४०; उत्तर अमेरिकेत ३० ही सीमा सामान्यतः मानली जाते.

हेअर यांचा १९६५ चा एक प्रयोग बोलका आहे. कैद्यांसमोर १ ते १२ आकडे क्रमाने येत आणि ८ ला विजेचा धक्का बसे. इतरांच्या त्वचेवर धक्क्याआधीच घाम वाढू लागे. सायकोपॅथ कैद्यांत ही पूर्वभीती फारच क्षीण होती. पालीतील ‘ओत्तप्प’, म्हणजे दुष्कृत्याच्या परिणामांचे भय, येथे आम्हांस आठवते. अर्थात हे साम्य आमचे, हेअर यांचे नव्हे.

मेंदूच्या अभ्यासांत दोन भागांचा उल्लेख वारंवार येतो : भयाची खूण टिपणारा बदामाच्या आकाराचा अमिग्डाला आणि कपाळामागचा, निर्णयात भावनेचे वजन धरणारा भाग. या दोहोंतील दुवा काही अभ्यासांत दुबळा आढळला. मात्र सर्व निष्कर्ष जुळत नाहीत, आणि मेंदूची प्रतिमा पाहून कोणासही सायकोपॅथ ठरवता येत नाही.

आम्हांस सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो तो नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. १८ सायकोपॅथ गुन्हेगारांस हातांच्या चित्रफिती दाखविल्या : कुठे मायेचा स्पर्श, कुठे वेदना. नुसते पाहताना त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद इतरांहून मंद होता. मग सांगण्यात आले, ‘समोरच्यास काय वाटते ते अनुभवण्याचा यत्न करा.’ तोच फरक बऱ्याच अंशी घटला! म्हणजे क्षमता अगदीच नष्ट झालेली नव्हती. ती आपोआप जागी होत नव्हती. सूचना देणारा कोणी नसताना, तुरुंगाबाहेर, ती जागी राहील काय, हे मात्र त्या प्रयोगात तपासले गेले नाही.