एक मेणबत्ती, दोन अर्थ : 'झ्युरेंजर' ते 'पॉवर रेंजर्स'

मागच्या वेळी आपण मिलिंद राजाच्या रथापाशी थांबलो होतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे. मग रथ म्हणायचं तरी कशाला, असं नागसेनानं राजाला विचारलं होतं. त्यावर एक आक्षेप नेहमी येतो की ही नुसती शब्दांची कसरत आहे, प्रत्यक्षात रथ सुटा करून कोणी दुसरा जोडत बसत नाही. आज आपण असा एक रथ पाहू, जो खरोखरच सुटा केला, समुद्रापलीकडे नेला आणि निम्मे भाग बदलून हाकला. ही लहान मुलांची टीव्ही मालिका आहे. हसू नका, आम्हीही आधी हसलो होतो.

जपानच्या तोएई कंपनीनं १९७५ साली 'गोरेंजर' ही मालिका आणली. तिची कल्पना शोतारो इशिनोमोरी या चित्रकथाकाराची. पाच वीर, पाच रंग, अंगभर पोशाख आणि तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट. पुढे १९७९ पासून त्यात राक्षसी आकाराचा यंत्रमानवही आला. हळूहळू दरवर्षी नवं पथक, नवी कथा अशी रीतच पडली. १९९२ साली आलेली 'झ्युरेंजर' ही अशी सोळावी मालिका. डायनासोरांच्या काळातले पाच योद्धे युगानुयुगांच्या झोपेतून जागे होतात आणि बांदोरा नावाच्या चेटकिणीशी लढतात, अशी तिची पन्नास भागांची कथा.

हाइम साबान हे टीव्ही कार्यक्रमांच्या संगीताच्या व्यवसायातले गृहस्थ. १९८०च्या दशकात जपानमध्ये असताना त्यांनी अशी एक मालिका पाहिली. त्यांनी जे हेरलं ते साधंच होतं. हेल्मेटच्या आत ओठ दिसत नाहीत. चेहराच दिसत नसेल, तर आत कोण आहे हे प्रेक्षकाला कसं कळणार? मारामाऱ्या, स्फोट, यंत्रमानव हा सगळा खर्चिक भाग जपानमध्ये चित्रित झालेलाच आहे. तो विकत घ्यायचा, आणि हेल्मेट काढल्यावर दिसणारी माणसं तेवढी अमेरिकेत चित्रित करायची. वाहिन्यांनी अनेक वर्षं नकार दिला. शेवटी फॉक्सच्या मुलांच्या विभागाच्या प्रमुख मार्गारेट लोश यांनी होकार दिला आणि २८ ऑगस्ट १९९३ रोजी 'मायटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स' सुरू झाली. प्राचीन योद्ध्यांच्या जागी कॅलिफोर्नियातल्या एका काल्पनिक गावातली शाळकरी पोरं आली.

आता तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं यातली गंमत पाहा. एरवी लेखक आधी कारण योजतो आणि मग घटना घडते. इथं घटना आधीच घडून गेलेली, फिल्मवर उतरलेली. तिला कारण मागाहून शोधायचं! पिवळ्या पोशाखातला योद्धा जपानमध्ये पुरुष होता, म्हणून त्या पोशाखाला स्कर्ट नाही. गुलाबी पोशाखाला आहे. अमेरिकेत पिवळी झाली ट्रिनी नावाची मुलगी. तिचा स्कर्ट कुठे गेला, याचं उत्तर कथेत नाही, कारण ते कथेबाहेर आहे. बांदोराचं काम माचिको सोगा या जपानी अभिनेत्रीनं केलं होतं. त्याच चित्रणावर इंग्रजी आवाज चढवून तिची रीटा रिपल्सा झाली. पुढे सोगांचं चित्रण संपलं, नवी अभिनेत्री घ्यावी लागली, तेव्हा रीटानं जादूनं चेहरामोहरा बदलून घेतला असं दाखवलं. फिल्म संपली हे खरं कारण, जादू हे कथेतलं कारण.

पण खरी कसोटी लागली हिरव्या रेंजरपाशी.

जपानी कथेत हिरवा योद्धा बुराई हा लाल योद्धा गेकी याचा थोरला भाऊ. दोघं आधी वैरी, मग एकत्र. बुराईचं आयुष्य मोजकंच उरलंय. काळ जिथे थांबतो अशा एका खोलीत तो राहतो. तिथून बाहेर पडला की आयुष्य खर्ची पडू लागतं. किती उरलं, ते एक जळती मेणबत्ती सांगते. म्हणजे धाकट्या भावाच्या मदतीला धावण्याची किंमत दर वेळी आयुष्यातून वजा. बेचाळिसाव्या भागात तो मरतो, आणि त्याची शक्ती व छातीवरचं सोनेरी कवच गेकीकडे जातं.

अमेरिकन लेखकांच्या हाती हीच मेणबत्ती आली. लाल रेंजरच्या छातीवर हिरव्याचं कवच, हेही पुढच्या चित्रणात दिसत होतं. ते नाकारता येत नव्हतं. मग त्यांनी काय केलं? त्यांचा हिरवा रेंजर टॉमी. तो कोणाचा भाऊ नाही. ही मेणबत्ती विझली की त्याची शक्ती जाणार, जीव नाही. टॉमी आपली शक्ती लाल रेंजर जेसनच्या हाती सोपवतो आणि साधा मुलगा होऊन उरतो. ज्योत तीच, कवच तेच. फक्त त्यातून मरण काढून घेतलं.

पुढचा पेच तर आणखी मजेशीर. टॉमी मुलांना इतका आवडला की त्याला परत आणणं भाग पडलं. पण मेलेल्या माणसाचं नवं चित्रण येणार कुठून? म्हणून टॉमीची शक्ती अधूनमधून क्षीण होते, असं ठरलं. मूळ चित्रण एकूणच अपुरं पडू लागलं, तेव्हा तोएईनं केवळ अमेरिकेसाठी त्याच जुन्या पोशाखांत नवं चित्रण करून दिलं. अखेर १९९४ मध्ये पुढच्या वर्षीच्या 'दायरेंजर' मालिकेतला पांढरा पोशाख टॉमीला मिळाला. जपानमध्ये त्या पोशाखात को नावाचा लहान मुलगा होता. अमेरिकेत त्याच पोशाखातला टॉमी पथकाचा नेता झाला.

मुलांच्या कार्यक्रमातून मरण वगळलं म्हणून आम्ही त्या लेखकांना भित्रे म्हणणार नाही. हाताशी तुकडे, वेळ थोडा, आणि अमेरिकेत मुलांच्या टीव्हीवर पालकांची बारीक नजर. पण एक विसंगती लक्षात घ्या. मरण काढलं, तरी मारामारी राहिली. तक्रारी झाल्या त्या लाथाबुक्क्यांच्या. १९९४ मध्ये न्यूझीलंडमध्ये मालिका बंदच केली गेली. ज्या हिंसेला परिणाम होता, तिचा परिणाम तेवढा गेला आणि हिंसा परिणामाविना उरली. आम्हाला यातलं दुसरं अधिक चिंतेचं वाटतं. लाथ बसते, ठिणग्या उडतात, आणि दुसऱ्या क्षणी सगळे विनोद सांगत उभे.

अशीच एक अदलाबदल यंत्रमानवाचीही झाली. 'झ्युरेंजर'मध्ये तो यंत्र नाहीच, तो देव आहे. तो बोलतो, आज्ञा करतो. अमेरिकेत त्याचं 'मेगाझॉर्ड' हे वाहन झालं, पोरं आत बसून चालवतात.

आणि ती चेटकीण. बांदोरा मुलांचा द्वेष का करते? तिचा स्वतःचा मुलगा गेलेला असतो. शेवटी तो परत येतो, पुन्हा मरतो, आणि ती रडते. त्या रडण्यानंच तिची जादू नाहीशी होते. या रडण्याला अमेरिकन मालिकेत कोणतंच कारण जोडलं गेलं नाही. रीटाला मुलगा नव्हताच. दुसऱ्या वर्षी तिचं लॉर्ड झेड या नव्या खलनायकाशी लग्न लावून दिलं.